सेतूच्या खिडकीवर

जून उजाडला, दहावी-बारावीचे निकाल लागले, की महाड-पोलादपूरच्या पालकांना दाखल्यांचं सेतू केंद्र आठवतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर. प्रवेशाची तारीख जवळ आलेली असते. केंद्राचा चालक ‘आपले सरकार’ पोर्टलवर नावगाव भरतो, रेशनकार्ड आणि आधार स्कॅन करून चढवतो, पावती हातात देतो. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने कामाला मुदत लावून दिली. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदत टळली तर अपील करता येतं. म्हणून ती पावती जपावी. तुमचा अर्ज कधी आला, हे ती सांगते.

पण या भागाला खरा आधार झाला तो सातबाऱ्याचा. इथलं जवळपास प्रत्येक घर अर्धं गावात, अर्धं मुंबईत. जमीन गुंठ्यांची आणि सातबाऱ्यावर नावं भावकीभर. पूर्वी एका उताऱ्यासाठी चाकरमानी रजा काढून यायचा आणि तलाठी दुसऱ्या सजात गेलेले असायचे. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरून लालबागच्या खोलीत बसूनही तो काढता येऊ लागला. त्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक टाकला की बँकेलाही उतारा खरा की खोटा ते कळतं. वेगळा सहीशिक्का लागत नाही.

जुलै २०२१मध्ये सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच पावसात तळियेवर दरड कोसळली, पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळेही दरडीत सापडली. लोकांच्या ट्रंकेतले कागद चिखलात गेले. अशा मुलखात नोंदीची प्रत गावाबाहेरच्या सर्व्हरवर असणं ही मला चैन वाटत नाही, ती गरज आहे.

यंत्र अडतं ते माणसापाशी. भातलावणीत आणि लाकूडतोडीत झिजलेला अंगठा स्कॅनर ओळखत नाही. चालक काच पुसतो, बोट ओल्या फडक्याने पुसायला सांगतो, मग दुसरं बोट लावून बघतो. ओटीपी जातो मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवर. तो ड्युटीवर असला की आजी बाकावर बसून राहते. घरबसल्या अर्ज करायची सोय पोर्टलवर आहे, पण घाटाखालच्या वाडीत रेंज नसेल तर ती कुणाच्या कामाची? खिडकीवरचा तो चालक काढून टाकून नुसतं यंत्र ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

आणि संगणकाने जुन्या चुकाही तशाच उचलल्या. हस्तलिखितात आजोबांचं नाव चुकलं असेल तर डिजिटल उताऱ्यावरही ते चुकलेलंच असतं. लेखनप्रमादाची अशी चूक जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली दुरुस्त करून घ्यावी लागते; त्यासाठी जुने फेरफार शोधायचे, तहसीलदारांकडे अर्ज करायचा. वारसनोंद राहिली असेल तर आधी तीच करून घ्यावी. गणपतीला सगळी भावकी गावात असते. नावं तपासायला आणि कागद गोळा करायला तेवढेच दिवस मिळतात.