देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो, तेवढं गाळलंय.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगत नाही. नोकरी जाऊन दीड महिना झालाय आणि घरी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी आईने दिलेला डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. आईला काहीतरी बिनसलंय एवढं कळलंय, म्हणून ती म्हणते, "देवावर भरवसा ठेव." मेसेजच्या शेवटी तो विचारतो, "दादा, ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?"

प्रश्न एकदम रास्त आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात देव म्हणजे एक सर्व्हर असतो. रिक्वेस्ट पाठवायची, रिस्पॉन्स आला तर देव आहे, नाही आला तर सर्व्हर डाऊन. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला तर असाच विचार सुचतो. पण या हिशोबात एक घोळ आहे. आपल्याकडे ज्यांच्या भक्तीची उदाहरणं देतात, त्यांचीच आयुष्यं बघा. या हिशोबाने सगळे नापास!

तुकोबांचंच घ्या. आपल्या डोळ्यांसमोर वीणा-चिपळ्या घेतलेले शांत तुकाराम महाराज येतात. पण त्याआधीचे तुकोबा कसे होते? देहूतलं खातंपितं घर. महाजनकी, दुकान, सावकारी, आणि घराण्यात विठ्ठलाची भक्ती पिढ्यान् पिढ्या. मग आई-वडील गेले. वहिनी गेल्या, मोठा भाऊ घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. आणि त्यावर १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, ज्यात दख्खन आणि गुजरात दोन्ही होरपळले. १६०८ हे जन्मवर्ष धरलं, तर तुकोबा तेव्हा जेमतेम बाविशीचे होते. म्हणजे आपल्यापेक्षा लहान! दुकान बसलं, पत गेली. पहिली बायको अन्नावाचून गेली. मुलगाही गेला असं परंपरा सांगते.

आता महत्त्वाचा मुद्दा. पुढे काय झालं, ते तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय. त्यात ते दुष्काळाबद्दल बोलतात, गेलेल्या पैशाबद्दल, गेलेल्या मानाबद्दल, बायकोच्या मरणाबद्दल बोलतात, आणि या सगळ्याची लाज वाटली हेही लपवत नाहीत. मग सांगतात की गावातलं विठ्ठलाचं देऊळ पडायला आलं होतं, ते दुरुस्त करावं असं मनात आलं. एकादशीला कीर्तन करायला लागले, पण सुरुवातीला त्यात मन लागत नव्हतं. तरी संतांची वचनं पाठ केली. पुढे कोणी गात असेल, तर मागे उभं राहून ध्रुपद धरलं.

क्रम लक्षात आला का? आपल्याला वाटतं, आधी मनात विश्वास भरून येणार, मग आपण उठून कामाला लागणार. तुकोबांचं उलटं झालं. मन लागत नसतानाच हाताने काम सुरू केलं. स्वतःचा सूर सापडत नव्हता तेव्हा दुसऱ्याच्या मागे गायले. देवाने पुढच्या वीस वर्षांचा रोडमॅप दाखवला नाही. दिसलं ते एवढंच, की समोर एक पडकं देऊळ आहे. देव वाट दाखवतो म्हणतात ना, ती बहुतेक अशीच दिसते. एका वेळी एक पाऊल.

दुसरी गोष्ट, भांडणाची. गाथा उघडून बघा. तुकोबा विठ्ठलाला टोमणे मारतात, जाब विचारतात, रुसतात. म्हणून त्यांची श्रद्धा कमी होती का? अजिबात नाही. जो ऐकतोय असं वाटतं, त्याच्याशीच माणूस भांडतो. त्यामुळे रात्री दोन वाजता "देवा, तू आहेस कुठे?" असं ओरडावंसं वाटलं, तर गिल्ट घेऊ नका. तीसुद्धा प्रार्थनाच आहे.

तिसरी गोष्ट, काळजी घेण्याची. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसायचे. त्यांची दुसरी बायको जिजाबाई, म्हणजे आवली, त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढायची, असं सांगतात. तोंडाने विठोबाला शिव्या आणि डोक्यावर भाकरीची पाटी! एकदा तिच्या पायात काटा मोडला आणि तो विठ्ठलाने काढला, अशी कथा आहे. कथा खरी की खोटी यावर वाद घाला हवं तर. मला मात्र असं वाटतं की तुकोबांपर्यंत देवाची काळजी पोचायची ती आवलीच्या हातच्या भाकरीतून. आभाळातून ताट उतरलं नाही, एक दमलेली, चिडलेली बाई डोंगर चढून आली.

आणि तुकोबांनीही ती काळजी पुढे दिली. कर्जखतं वाटताना धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. दुष्काळाने पिचलेल्या कुळांकडून वसुली नको म्हणून. स्वतःचं दिवाळं निघालेलं असताना!

आता त्या मित्राला थेट सांगतो. भरवसा ठेवायचा म्हणजे "सगळं ठीक होईल" असं स्वतःला बजावत बसायचं नाही. नोकरी कधी मिळेल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव कोणी आणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. भरवसा म्हणजे हे ओझं आपण एकटे उचलत नाही आहोत, एवढं धरून आजचं पाऊल टाकणं. आणि तुझं आजचं पाऊल मला दिसतंय रे. आईला सांग.

रोज डबा भरून देणारी ती बाई, तुझी भाकरी घेऊन डोंगर चढतेय. आणि तू तिच्यापासूनच लपतोयस. ती रडेल, कदाचित चिडेल, पण ओझ्याला चार हात लागतील. आणि ओझं इतकं वाटलं की जगणंच नको झालं, तर १४४१६ या टेली मानस हेल्पलाइनला फोन कर. सरकारी आहे, फुकट आहे. पलीकडून फोन उचलणारा माणूसही देवानेच बसवलाय असं समज.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्यासाठी कोणी डोंगर चढत असेल, तर हा भाग त्यांनाही पाठवा. भेटू पुढच्या गुरुवारी. काळजी घ्या. आणि कोणी तुमची काळजी घेत असेल, तर घेऊ द्या.