शाळेचे छत गळतेय, दुरुस्तीचा पैसा येतो कुठून? जाणून घ्या

जालना : अमेरिकेत शाळा-इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे की नाही, हे अनेक ठिकाणी मतदार ठरवतात, फेड मालमत्ता करातून होते. जालन्यात असे मतदान नाही. जिल्हा परिषद शाळांच्या खोल्या, दुरुस्तीसाठी निधी मुख्यतः जिल्हा नियोजन समिती आणि समग्र शिक्षा योजनेतून मिळतो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. योजनेत केंद्राचा वाटा ६०, राज्याचा ४० टक्के.

मग पालकांच्या हाती काय? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते आणि अनुदानाचा आधार तोच. गळके छत आराखड्यात नसेल, तर मागणी कमकुवत होते. पुढची बैठक कधी, हे मुख्याध्यापकांना विचारा.