कोणत्या सालची फियाट, कोणत्या रंगाची?

मॉडेल १९६४ चं, रंग क्रीम, नंबर डीएलई ६. लालबहादूर शास्त्रींची ही फियाट दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात जपून ठेवली आहे. किंमत होती बारा हजार रुपये. पंतप्रधानांकडे तेवढी रक्कम नव्हती, म्हणून पंजाब नॅशनल बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजींचं निधन झालं आणि उरलेलं कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. गाडीमागची ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. जुन्या फियाटच्या शोधात असलेल्या माणसाचं लक्ष मात्र आधी सालाकडे आणि रंगाकडे जातं, कारण ही दोन्ही जुळलेली गाडी हाती लागणं सोपं नाही.

ही गाडी मुंबईतल्या कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवात अमेरिकन क्रायस्लरच्या परवान्यावर झाली. डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या गाड्या कुर्ल्यात जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. आधी चिमुकली फियाट ५०० आली आणि १९५४ पासून ११००, म्हणजे ‘मिलेचेंतो’. दांते जाकोझा या इंजिनिअरच्या हाताखाली घडलेली ही गाडी १९५३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात जगापुढे आली होती. गोलमटोल पाठ आणि पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारे. मुंबई-पुण्याच्या लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

१९६४ मध्ये आलेली ‘११०० डिलाइट’ ही सरळ रेषांची, चौकोनी छताची, मागे छोटे पंख असलेली गाडी. आज ‘जुनी फियाट’ म्हटलं की डोळ्यांपुढे उभी राहते ती हीच. इटलीत या मॉडेलला १,२२१ सीसीचं इंजिन होतं. कुर्ल्याने आधीचं १,०८९ सीसीचंच चालू ठेवलं. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. पुढे फियाटचं नाव उतरवावं लागलं, तेव्हा तीच गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हणून विकली गेली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. पत्रा तोच, इंजिन तेच, बिल्ला बदलला. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं ती बनत राहिली. शेवटच्या काळात एस-वन मॉडेलमध्ये गिअर खाली जमिनीवर आला आणि १३७-डी मध्ये डिझेल इंजिन बसलं, पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर उतरल्यापासून गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलं होतं.

मग साल कोणतं निवडावं?

नुसत्या दुर्मीळपणावर जायचं तर प्रेसिडेंट. थोडाच काळ चाललेला बिल्ला, म्हणून शौकीन तिच्यासाठी वाकडी वाट करतात. अमेरिकेत १९६३ च्या कॉर्व्हेट कूपेचं असंच आहे. मागची काच मधोमध दुभागलेली असं एकच वर्ष घडलं, पुढच्या वर्षी काच दुभागणारी दांडी गेली आणि त्या एका वर्षाच्या १०,५९४ गाड्यांना आज वेगळाच भाव आहे. फरक एवढाच, की कॉर्व्हेटची खूण पत्र्यात आणि काचेत आहे, प्रेसिडेंटची बिल्ल्यात. बिल्ला स्क्रूने निघतो आणि स्क्रूने बसतो. म्हणून प्रेसिडेंट सांगून कोणी गाडी दाखवली तर आधी आरसी पुस्तक मागावं. त्यात उत्पादनाचं साल आणि मॉडेल लिहिलेलं असतं.

डुक्कर फियाट देखणी आहे, पण तिचे दिवे, काचा, दरवाज्यांची कुलुपं मिळवणं हाच वेगळा उद्योग होतो. डिलाइट आणि पद्मिनीचं तसं नाही. मुंबईत एके काळी साठ हजारांच्या आसपास टॅक्स्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक याच घराण्यातल्या. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात अजूनही यांचे सुटे भाग हाती लागतात. सगळं जोखलं तर १९६४ ते १९७२ मधली, फियाटचा बिल्ला असलेली डिलाइट हीच सर्वांत चांगली निवड. आकार पूर्ण झालेला, क्रोम भरपूर, भाग उपलब्ध आणि वय पन्नाशीपुढचं.

या पन्नाशीला आता कायद्याने महत्त्व आलं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली, सांगाडा-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. १९७४ ची पहिली पद्मिनीही २०२४ मध्ये या रांगेत आली. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात राहणाऱ्या शौकिनाने इथे थांबून विचार करायला हवा. वाशिमला लग्नाला किंवा शेलूबाजारला बाजाराला फियाट घेऊन जायचं असेल, तर नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी, दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवत राहावी. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे वाशिमचा एमएच ३७ हा नंबर कोणत्याही डिलाइटचा जन्माचा नंबर असूच शकत नाही. तिच्यावर तो दिसला तर गाडीची नोंदणी मधे कधीतरी बदलली आहे एवढं समजावं आणि मधले सगळे कागद मागून घ्यावेत.

गाव विदर्भातलं असण्याचा एक फायदा आहे. फियाटचा खरा शत्रू गंज. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचा तळ, दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि डिकीचा पत्रा आतून सडतो, वरून रंग तकतकीत असला तरी. अकोला-वाशिमकडच्या कोरड्या हवेत पत्रा जास्त टिकतो. इथलं ऊन मात्र रबर कडक करतं, सीटचं कापड फाडतं, रंग उडवतं. रबर नवं बसवता येतं. सडलेला तळ बदलायला पाहिजे तो मिस्त्री आणि पैसा दोन्ही जड जातात. खिशात छोटं लोहचुंबक असू द्यावं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर जाड पुट्टी भरलेली आहे.

रंगाच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त चुकतात. जुनी गाडी घेतली की लाल किंवा चकाकता मेटॅलिक रंग मारायचा मोह होतो. डिलाइटच्या काळातले रंग शांत होते: क्रीम, पांढरट, करडा, फिकट निळा. त्या सरळ अंगावर हेच रंग शोभतात, कारण कडेची क्रोमची पट्टी त्यांच्यावर उठून दिसते. शिवाय फिकट रंग वैशाखात कमी तापतो आणि पत्र्यातली बारीक उंचसखलता झाकतो. काळ्या किंवा गर्द निळ्या गाडीवर डेंटिंगचा प्रत्येक ठोका दिसतो. रजनीकांत, म्हणजे मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, यांनी जपलेली पद्मिनीही पांढरीच आहे.

काळा-पिवळा हा मुंबईच्या टॅक्सीचा रंग. वीस वर्षांची वयोमर्यादा गाठल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून उतरली, तेव्हापासून या रंगाबद्दलची माया आणखी वाढली. टॅक्सी म्हणून राबलेली, कागदांवर तसाच इतिहास असलेली गाडी त्याच रंगात कुठे जपली तर ते योग्यच. मात्र एखाद्या डॉक्टरांच्या घरी चाळीस वर्षं राहिलेल्या क्रीम डिलाइटला काळं-पिवळं करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

गाडीचा मूळ रंग कोणता, हे गाडीच सांगते. आरसी पुस्तकात तो नोंदलेला असतो. नसला किंवा मधे बदललेला असला, तर मागच्या सीटखाली, दरवाज्याच्या रबराच्या आत, डिकीच्या चटईखाली आणि डॅशबोर्डच्या मागे पाहावं. रंगाऱ्याची बंदूक तिथवर सहसा पोचत नाही. नखाएवढी जुनी खपली सापडली की दुकानातलं मशीन तिच्यावरून छटा जुळवून देतं. रंग बदलला तर आरटीओत नोंद करून घ्यावी. पुढच्या खरेदीदाराला तेवढाच पुरावा उरतो.

इंजिनाचा नंबर आरसीशी ताडून पाहणं हे शेवटचं काम, आणि तेच पैसे मोजण्याआधी करायचं. कित्येक फियाटमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिन किंवा गॅस किट बसवली गेली. मूळ १,०८९ सीसीचं इंजिन जागेवर असेल, तर जाम झालेलं असलं तरी हरकत नाही. ते उघडून दुरुस्त करणारे जुने मिस्त्री अजून आहेत. मूळ इंजिनच नसेल आणि व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल, तर गाडी कितीही गोड दिसली तरी सौदा सोडून द्यावा.