अडीच किलोची रेघ : कमी वजनाच्या बाळाचं निदान कसं नोंदवतात?

मंडळी, विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर दवाखान्याच्या कागदांत कशाला डोकावतोय. पण कशाला काय म्हणायचं, हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न आहे. आणि सिहोऱ्यात जन्मलेलं नाजूक बाळ जेव्हा तुमसरला, तिथून भंडाऱ्याला किंवा नागपूरला हलवतात, तेव्हा बाळासोबत एक कागदही जातो. त्यावर काय लिहिलंय, यावर बरंच काही ठरतं.

आधी पद्धत समजून घेऊ. जगभर आजारांची आणि मृत्यूच्या कारणांची एक सामाईक यादी वापरतात. तिची सुरुवात १८९३ साली झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं केली. आज ती जागतिक आरोग्य संघटना चालवते. तिची दहावी आवृत्ती म्हणजे आयसीडी-१०. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण दहावीचे संकेतांक अजून सर्रास भेटतात, म्हणून त्याच घेतो. प्रत्येक निदानाला एक अक्षर आणि काही आकडे. नवजात बाळांचा विभाग 'पी' अक्षराचा.

त्यात पी ०७ हे घर आहे लवकर जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांचं. ९९९ ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर पी ०७.०. १००० ते २४९९ ग्रॅम असेल तर पी ०७.१. अठ्ठावीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं तर पी ०७.२, आणि अठ्ठावीस पूर्ण झाले पण सदतीस नाहीत, तर पी ०७.३. वजन आणि आठवडे दोन्ही माहीत असतील तर वजनाला प्राधान्य द्यावं, असं पुस्तकातच म्हटलंय.

आता गंमत बघा. १९४८ साली रेघ होती '२५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी'. १९७६ साली ती झाली '२५०० पेक्षा कमी'. म्हणजे बरोबर अडीच किलोचं बाळ एका ठरावानं या घरातून त्या घरात गेलं. बाळात काहीच बदललं नाही! रेघ माणसानं ओढलेली असते, ती निसर्गात सापडत नाही. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळतं.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष सांगितलेत. 'जिला शिंगं ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. 'जी तांबूस ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. अडीच किलोच्या रेघेला दोन्ही दोष लागतात. लहान चणीच्या आईचं २४०० ग्रॅमचं ठणठणीत बाळ आत येतं. आणि पस्तिसाव्या आठवड्यातच जन्मलेलं, मधुमेही आईचं २६०० ग्रॅमचं बाळ बाहेर राहतं. त्याला धोका आहे, पण काटा काही बोलत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. समजा दोन बाळं आहेत, दोन्ही १९०० ग्रॅमची. एक तेहतिसाव्या आठवड्यात जन्मलं. त्याचं वजन त्याच्या वयाला साजेसंच आहे, पण ते कच्चं आहे. त्याला नीट ओढून पिता येत नाही, मध्येच श्वास थांबू शकतो. दुसरं एकोणचाळीस आठवडे पोटात राहूनही वाढलं नाही. त्याची साखर उतरण्याची भीती जास्त. पहिल्याचं घर पी ०७. दुसऱ्याचं पी ०५, म्हणजे गर्भातच वाढ खुंटणं. केसपेपरवर नुसतं 'कमी वजन' लिहिलं, तर संकेतांक देणारा माणूस दोघांना एकाच घरात टाकणार. त्याचा दोष नाही. जे लिहिलंय त्यावरूनच तो संकेतांक देतो, तर्क करायची त्याला मुभा नाही.

मग आठवडे कळणार कसे? शेवटच्या पाळीच्या तारखेवरून, किंवा सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून. तारीख 'पोळ्याच्या आसपास' इतकीच आठवत असेल, तर निदानही आसपासचंच होतं. वजनाचंही तसंच. ते जन्मानंतर शक्यतो पहिल्या तासात घ्यायचं, कारण पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं. तिसऱ्या दिवशीचा आकडा जन्मवजन म्हणून लिहिला तर बाळ उगाच वेगळ्या घरात जातं.

आता मृत्यूची नोंद. बाळ दगावलं तर दाखल्यावर नुसतं 'अपुऱ्या दिवसांचं' लिहू नये, दुसरं काहीच कारण माहीत नसेल तरच लिहावं, असा आयसीडी-१० चा नियम आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. अशा कक्षात बहुतेक कमी वजनाची आणि आजारी बाळंच असतात. पण ती कमी वजनानं गेली, असं कुणी म्हणेल का? नाही ना! तीच शिस्त घरोघरीच्या, गाजावाजा न होणाऱ्या मृत्यूंनाही लावायची. जंतुसंसर्ग झाला होता का? बाळ गार पडलं होतं का? कमी वजन ही बाळाची अवस्था आहे. मारणारं कारण बहुतेकदा दुसरंच असतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

हे नुसतं बोलणं नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. गावातल्याच बायकांना वजन करायला, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. 'कमी वजनाचं होतं, गेलं' यावर ते थांबले असते तर हे झालंच नसतं.

आणि आई? पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात दिसलं की गरोदरपणी अंगमेहनत जास्त, तर बाळ लहान. आपल्या धानाच्या पट्ट्यात रोवणीला वाकणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. आईच्या कुपोषणाचा बाळावर परिणाम झाला, तर त्यालाही संकेतांक आहे : पी ००.४. घर आहे, पण कागदावर लिहिल्याशिवाय त्यात कुणी जात नाही.

म्हणून घरी जाताना तीन प्रश्न न्या. बाळाला सुटी मिळेल तेव्हा कार्डावर बघा : जन्मवजन ग्रॅममध्ये लिहिलंय का? किती आठवड्यांचं बाळ, ते लिहिलंय का? आणि वजन कमी का, याबद्दल एक तरी ओळ आहे का? नसेल तर डॉक्टरांना, सिस्टरांना नम्रपणे विचारा. आशाताईंना कार्ड दाखवा. पुढच्या दवाखान्यात बाळाच्या वतीनं तोच कागद बोलणार आहे.