घाटगे यांचें ‘किरण’ आणि आमच्या मुली

कर्वेनगर म्हणजे पूर्वींचें हिंगणें बुद्रुक. 1900 सालीं अण्णा कर्वे यांनीं येथील माळावर अनाथ बालिकाश्रमाची झोपडी उभारली, तेव्हां विधवेच्या हातीं पाटी देणें हेंच मोठें साहस होतें. आज त्याच परिसरांत मुलींचें अभियांत्रिकी महाविद्यालय 1991 पासून चालूं आहे, आणि जवळच्या खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून 30 मे 2025 रोजीं 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तेव्हां सुशिक्षित घरांतून आतां एक नवा प्रश्न निघूं लागला आहे: मुलगी विमानदळांत जाईन म्हणते, जाऊं द्यावें काय? आजोबांनीं मान हलविण्यापूर्वीं, वैमानिकांच्या पिढ्या ज्या विमानावर तयार झाल्या त्याची माहिती घरांत वाचली जावी, एवढ्यासाठींच आम्ही हा विषय घेतला आहे.

त्या विमानाचें नांव ‘किरण’, आणि त्याचे कर्ते डॉ. विष्णु माधव घाटगे. हे गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. जन्म 1908 चा. जर्मनींत गटिंगेन येथें विख्यात आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखालीं त्यांनीं 1936 मध्यें डॉक्टरेट मिळविली. पुढें बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत अध्यापन करून ते विमानांच्या कारखान्यांत गेले. हा कारखानाहि 1940 सालीं काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं! तेथें घाटग्यांचें ‘एच. टी. 2’ हें पंख्याचें शिक्षण-विमान 1951 सालीं उडालें. नंतर जुन्या व्हँपायर विमानांच्या जागीं जेट शिक्षण-विमान हवें झालें, आणि 4 सप्टेंबर 1964 रोजीं ‘किरण’ आकाशांत गेलें.

लढाऊ विमान वेगवान असलें कीं भागतें. शिक्षण-विमान क्षमाशील असावें लागतें. शिकाऊच्या हातून वेग फार मंदावला, तर पंखांचा आधार सुटून विमान गिरक्या घेत खालीं येऊं लागतें. अशा वेळीं तें पुन्हा ताळ्यावर यावें, हीच रचनाकाराची खरी परीक्षा. ‘किरण’मध्यें गुरु व शिष्य शेजारी शेजारी बसतात; शिष्याचा हात कोठें अडखळतो तें गुरूस दिसतें. प्रसंगीं वैमानिकास आसनासकट बाहेर फेकणारी योजनाहि दोघांस आहे. यंत्र मात्र विलायती व्हायपर घ्यावें लागलें. ही उणीव अजून पुरती भरून निघालेली नाहीं, आणि अभिमानाच्या भरांत ती झांकूं नये.

शिकाऊस उडण्याबरोबर नेम धरण्याचेंहि शिक्षण हवें. म्हणून 1976 मध्यें उडालेल्या दुसऱ्या आवृत्तींत अधिक जोरदार ऑर्फियस यंत्र, नाकाशीं दोन मशीनगन आणि पंखांखालीं बाँब व अग्निबाण टांगण्यास चार जागा आल्या. शिक्षकाच्या हातीं शस्त्र आलें म्हणाना! हलक्या हल्ल्यासहि तें उपयोगीं झालें. पुढें 2009 मध्यें अपघातांमुळें ‘एच. पी. टी. 32’ हीं विमानें बंद पडलीं, आणि नवशिक्यांचा भारहि या वृद्धावरच आला. त्याची जागा घेण्यास योजलेलें ‘सितारा’ 2003 सालींच उडालें होतें. पण त्याच गिरकीच्या प्रश्नानें तें वर्षानुवर्षें अडलें. घाटग्यांची कसोटी किती कठीण होती हें त्यावरून कळावें.

आतां भीतीचें. ती खोटी नाहीं. 3 मार्च 2010 रोजीं हैदराबादेंत नौदलाच्या कसरतपथकाचें एक ‘किरण’ कोसळून आंतील दोघेहि वैमानिक मरण पावले. ‘कांहीं होत नाहीं’ असें सांगणाऱ्या मुलीवर आईनें विश्वास ठेवूं नये. धोका जाणून जाईन म्हणणारीचें मात्र ऐकावें. अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंग या तिघींनीं हकीमपेठेस ‘किरण’वरच धडे घेतले, आणि जून 2016 मध्यें लढाऊ शाखेंत प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया त्या ठरल्या. त्यांतील अवनीनें फेब्रुवारी 2018 मध्यें जामनगरहून मिग विमान एकटीनें उडविलें. त्या वेळीं शेजारच्या आसनावर गुरु नव्हता.