दम लागतो, छाती धडधडते? रक्ताचा फेरा समजून घेऊ



पुढच्या बैठकीत हजेरी झाली की एक गोष्ट करून बघा. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवा. ठोके लागतात ती नाडी. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. शांत बसलेलं असताना मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात.

एक ठोका म्हणजे हृदयानं एकदा रक्त पुढं ढकललं. हृदय आपल्या मुठीएवढंच, पण दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडकतं. विहिरीवरची मोटार लाईट गेली की बंद पडते, ही मोटार मात्र झोपेतही चालूच असते.

हृदयाची उजवी बाजू अंगातून आलेलं रक्त फुफ्फुसांकडे पाठवते. तिथं रक्त ऑक्सिजन घेतं आणि डाव्या बाजूला येतं. तिथून रोहिण्यांमधून सगळ्या अंगाला पोहोचतं आणि नीलांमधून परत हृदयात येतं. ठिबकचं पाणी एकदा जमिनीत गेलं की गेलं. रक्त मात्र गटाच्या पैशासारखं फिरून परत येतं. एक फेरा साधारण मिनिटाभरात होतो.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ते कमी असलं की प्रत्येक फेऱ्यात माल कमी जातो, मग हृदय ठोके वाढवतं. म्हणून हंडा उचलला तरी दम लागतो, धडधडतं, चक्कर येते. घरचे म्हणतात, "हिला कामाचा कंटाळा." हा कंटाळा नाही, ताईंनो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या जवळपास ५४ टक्के महिलांत रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी!

शेंद्रा एमआयडीसीत दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्यांचे पाय संध्याकाळी जड होतात. पायातलं रक्त वर चढवायला पोटऱ्या मदत करतात. मधूनमधून टाचा वर-खाली करा, दोन पावलं चाला.

आता करायचं काय?

- उपकेंद्रात हिमोग्लोबिन आणि बीपी तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, म्हणजे रक्त कमी. बीपी १४० / ९० किंवा त्याहून जास्त आलं तर डॉक्टरांना दाखवा.
- लोहाची गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्या. तासभर आधी-नंतर चहा नको. शी काळी होते, घाबरून गोळी सोडू नका.
- पाळीत फार रक्त जात असेल तर लाजू नका, सांगा.
- छातीत दाबल्यासारखं दुखलं, दरदरून घाम सुटला, तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

गटात एखादी ताई तपासणीला जायला कचरत असेल, तर तिच्यासोबत एकीनं तरी जा.