पाच हजार वॅटचा डबा आणि आपल्या घरचा आवाज

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचं नाटक असतं, आणि मैदान दणाणून सोडणारा तो आवाज ऐकून घरी आलं की आपले स्पीकर अगदीच केविलवाणे वाटू लागतात. मग नवा ॲम्प्लिफायर घ्यायचं ठरतं. भंडाऱ्यात घ्या की नागपूरला सीताबर्डीवर, गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न एकच: "किती वॅटचा?"

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '5000 वॅट पीएमपीओ' छापलेलं असतं. पीएमपीओ मोजायची मान्य पद्धतच नाही, त्यामुळे कंपनी छापेल तो आकडा खरा. डबा उलटा करून मागची पट्टी वाचा. तिथे वीजवापर 60 वॅट लिहिला असेल, तर तो स्पीकरला सतत 60 वॅटसुद्धा देऊ शकत नाही. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा; तोही 8 ओहमला, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असताना आणि किती डिस्टॉर्शनवर मोजलाय, हे विचारून. 10 टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेले वॅट म्हणजे फाटका आवाज.

वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो, हा समज तर फारच पक्का आहे. 50 चे 100 वॅट केले तर वाढ होते फक्त 3 डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट 87 डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी 90 चा घेतला, तर तेवढाच फायदा ॲम्प्लिफायरला हात न लावता मिळतो. घरच्या खोलीत रोजचं ऐकणं बहुतेक वेळा एक-दोन वॅटमध्येच भागतं. बाकीची ताकद लागते ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी.

उन्हाळी धानाला पाणी द्यायला मोटारपंप सुरू झाले की अनेक गावांत व्होल्टेज पडतं, आणि संध्याकाळी गाणं दबल्यासारखं वाटतं. दोष जातो ॲम्प्लिफायरला. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरला 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर त्याची कमाल ताकद सुमारे 40 टक्क्यांनी घटते. 50 वॅटचा तीसेक वॅटवर येतो. अशा घरी आधी चांगला स्टॅबिलायझर घ्यावा. 100 ते 240 व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसच्या (स्विचिंग पुरवठ्याच्या) ॲम्प्लिफायरला या चढउताराचं फारसं सोयरसुतक नसतं.

पण हा एसएमपीएसवाला हातात घेतला की हलका लागतो, आणि पितळेची भांडी वजनावर घेणाऱ्या आपल्या गावात हलका माल म्हणजे कमअस्सल! वजन असतं ते मुख्यतः ट्रान्सफॉर्मरचं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकचं. एसएमपीएसमध्ये तो जड ट्रान्सफॉर्मर नसतो. क्लास डी ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतली 80-90 टक्के वीज स्पीकरकडे पोचवू शकतो. त्यामुळे त्याला मोठं हीटसिंक लागत नाही. क्लास एबीमधली बरीच वीज उष्णतेत जाते. मे महिन्यात पारा 45 कडे गेलेला असताना असा ॲम्प्लिफायर काचेच्या शोकेसमध्ये कोंडून ठेवणं म्हणजे आतल्या कपॅसिटरचं आयुष्य कापणं. तापमान 10 अंशांनी वाढलं की ते निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. वर आणि बाजूंना हातभर जागा मोकळी सोडा.

'मोठा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो' हेही अर्धसत्यच. छोटा ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की लाटेचे माथे कापले जातात आणि बऱ्याचदा आधी ट्वीटर जातो. जोडीला आणखी दोन स्पीकर समांतर लावायची हौस असेल, तर 8 ओहमचे 4 होतात. ॲम्प्लिफायरला 4 ओहम चालतात का, हे आधी पाहा.

आणि घुमणारा आवाज? सिमेंटचा स्लॅब, टाईल्स आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत कुठलाही ॲम्प्लिफायर घुमणारच. जाड पडदे, सतरंजी आणि भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढलेले स्पीकर यांनी जो फरक पडतो, तो पुष्कळदा वीस हजारांच्या नव्या डब्यानेही पडत नाही.

हे सगळं करूनही समाधान झालं नाही, तर खुशाल नवा घ्या. जाताना स्पीकरच्या मागच्या पट्टीचा फोटो आणि खोलीची लांबी-रुंदी सोबत न्या. दुकानदार दोन्हींकडे न बघता वॅट सांगू लागला, तर दुसरं दुकान गाठा.